बाईनं लिहिलेलं प्रेमकाव्य छापलं म्हणून पुस्तकावर जप्ती आली, पण बंगळुरू नागरत्नम्मांनी माघार घेतली नाही

१९१० साली मद्रासमध्ये एक तेलुगू पुस्तक छापून आलं. नाव होतं ‘राधिका सांत्वनम्’. विषय नवा नव्हता. राधा, कृष्ण, प्रेम, रुसवा आणि मनधरणी. या विषयावर भारतातल्या जवळपास प्रत्येक भाषेत शेकडो वर्षं लिहिलं गेलं आहे.

तरीही वर्षभरात या पुस्तकावर अश्लीलतेचा ठपका आला, प्रती जप्त झाल्या आणि पुढची साडेतीन दशकं ते बंदीच्या यादीत राहिलं.

असं काय होतं त्यात? खरं तर प्रश्न फक्त पुस्तकात काय आहे हा नव्हता. ते कुणी लिहिलं आणि कुणी छापलं, हाही होता. लिहिणारी होती तंजावरच्या मराठा दरबारातली एक गणिका. आणि दीडशे वर्षांनी ते शोधून, तपासून, स्वतःची प्रस्तावना जोडून छापणाऱ्या होत्या बंगळुरू नागरत्नम्मा. त्याही देवदासी समाजातल्याच.

कर्नाटक संगीतात नागरत्नम्मांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं, पण ते वेगळ्याच कारणासाठी.

नंजनगूडची मुलगी, मद्रासची गायिका

नागरत्नम्मांचा जन्म १८७८ सालचा, म्हैसूरजवळच्या नंजनगूडचा. आई पुट्टलक्ष्मी देवदासी समाजातल्या. वडील वकील होते, पण त्यांनी मायलेकींना वाऱ्यावर सोडलं. आईनं मात्र एक गोष्ट पक्की ठरवली होती. मुलीला शिकवायचं, आणि असं शिकवायचं की लोकांनी मान द्यावा.

त्या काळी बहुतेक घरांतल्या मुलींना अक्षरओळखही होत नव्हती. देवदासी समाजात चित्र वेगळं होतं. देवळाशी किंवा दरबाराशी जोडलेल्या या स्त्रियांना संगीत, नृत्य, संस्कृत, काव्य हे सगळं रीतसर शिकवलं जायचं. त्यांच्या घरात मालमत्ता आईकडून मुलीकडे जायची. लग्न देवाशी लागलेलं असायचं आणि प्रत्यक्षात आश्रयदाते असायचे. म्हणजे एका बाजूला शोषण, दुसऱ्या बाजूला इतर बायकांना न मिळणारी विद्या. हा गुंता लक्षात ठेवला नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही.

नागरत्नम्मा संस्कृत शिकल्या, तेलुगू शिकल्या, गाणं आणि नाच शिकल्या. मातृभाषा कन्नड. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांनी जाणकारांसमोर पहिल्यांदा कला सादर केली आणि म्हैसूरच्या राजदरबारापर्यंत त्यांचं नाव पोहोचलं. पुढे त्या बंगळुरूला आणि तिथून मद्रासला आल्या. ‘बंगळुरू’ हे नावाला चिकटलं ते कायमचंच.

तेव्हाचं मद्रास म्हणजे दक्षिणेतल्या संगीताची राजधानी. मैफिली, श्रीमंत रसिक, छापखाने, नुकतीच आलेली ग्रामोफोनची तबकडी. नागरत्नम्मांनी तिथे गाण्यावर नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. त्या हरिकथाही करायच्या. त्यांचं वाचन मैफिलीपुरतं नव्हतं. जुने ग्रंथ मिळवून वाचायचे, पंडितांशी चर्चा करायची, ही त्यांची सवय होती.

याच वाचनात त्यांना मुद्दुपळनी सापडली.

तंजावर, मराठे आणि मुद्दुपळनी

इथे थोडं मागे जावं लागेल.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि तिथे भोसल्यांचं राज्य सुरू झालं. ते १८५५ पर्यंत टिकलं. राजे मराठी, प्रजा तमिळ आणि दरबारी काव्याची मोठी परंपरा तेलुगू, कारण मराठ्यांच्या आधी इथे नायक राजांची सत्ता होती आणि त्यांची वाङ्मयाची भाषा तेलुगू होती. मराठ्यांनी ती परंपरा मोडली नाही, उलट पोसली. त्यामुळे एकाच दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत नांदत होत्या.

व्यंकोजींचे नातू प्रतापसिंह यांनी १७३९ ते १७६३ या काळात राज्य केलं. मुद्दुपळनी त्यांच्या दरबारातली. तिची आजी तंजनायकी हीसुद्धा कलावंत. मुद्दुपळनी तेलुगू आणि संस्कृत दोन्हींत पारंगत होती. तमिळमधली संत कवयित्री आंडाळ हिच्या ‘तिरुप्पावै’चं तिनं तेलुगूत रूपांतरही केलं. आंडाळ तिच्या आधी सुमारे हजार वर्षं होऊन गेलेली आणि विष्णूवर प्रियकरासारखं प्रेम करणारी. म्हणजे एका कवयित्रीनं दुसऱ्या कवयित्रीचा हात धरलेला होता.

आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला मुद्दुपळनीनं स्वतःची ओळख लिहिली. पुरुष कवी जशी करून द्यायचे, तशीच. आपलं घराणं सांगताना आजीचा उल्लेख केला, आपल्या विद्वत्तेचा आणि मानसन्मानाचा उल्लेख केला. लाजल्याचा आव आणला नाही. हा भाग पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

काव्यात नेमकं आहे काय?

‘राधिका सांत्वनम्’मध्ये चार भागांत मिळून ५८४ पद्यं आहेत. गोष्ट अशी आहे.

राधेनं इळा नावाची मुलगी लहानपणापासून सांभाळली आहे. इळा वयात येते आणि राधाच पुढाकार घेऊन तिचं लग्न कृष्णाशी लावून देते. त्याच कृष्णाशी, ज्याच्यावर तिचं स्वतःचं प्रेम आहे. पहिल्या रात्रीसाठी ती इळेला तयार करते, धीर देते. कृष्णालाही बजावते की मुलगी कोवळी आहे, जपून वाग.

हे सगळं ती करते, पण तिला ते सहन मात्र होत नाही. कृष्ण नव्या बायकोत रमतो तशी राधा आतून जळत जाते. मत्सर, राग, एकटेपण आणि स्वतःच्याच निर्णयाचा पश्चात्ताप. शेवटी कृष्ण तिच्याकडे येतो आणि तिची समजूत काढतो. नावातलं ‘सांत्वन’ ते हेच.

काव्य शृंगाराचं आहे आणि उघडपणे आहे. मुद्दुपळनीनं शरीराच्या इच्छेबद्दल आडवळणानं लिहिलेलं नाही. पण तिचा खरा वेगळेपणा दुसरीकडे आहे. राधा-कृष्णाच्या बहुतेक काव्यात कृष्ण हवं ते करतो आणि राधा वाट बघते. इथे इच्छा राधेची आहे. ती मागते, रागावते, पुढाकार घेते. आणि ही राधा सोळा वर्षांची नाही. ती एक वय वाढलेली, अनुभवी बाई आहे, जिला आपली जागा तरुण मुलीला जाताना दिसते आहे. अशा बाईच्या मनात काय चाललं असेल, हा प्रश्न तोवर फारसा कुणी विचारला नव्हता.

पुरुष कवींनी बाईच्या तोंडून शृंगार लिहिणं ही भारतभर चालत आलेली गोष्ट होती. जयदेवानं लिहिलं, क्षेत्रय्यानं लिहिलं. आपल्याकडे उत्तर पेशवाईत होनाजी बाळा, रामजोशी, परशराम यांच्या लावण्यांत विरहिणी बोलते ती शाहिराच्या लेखणीतून. बाईच्या मनातलं पुरुषानं लिहिलं की ती कला ठरत होती. बाईनं स्वतः लिहिलं तेव्हा काय झालं, ते पुढे बघू.

गाळलेली पानं

नागरत्नम्मांच्या हाती या काव्याची आधी छापलेली प्रत आली. १८८७ साली पालुवूरी वेंकटनरसू यांनी ती काढली होती. हे गृहस्थ तेलुगूचे कोशकार सी. पी. ब्राऊन यांच्यासोबत काम केलेले. त्यांनी काव्य छापलं, पण मुद्दुपळनीचा स्वतःबद्दलचा भाग गाळला. म्हणजे काव्य राहिलं आणि ते लिहिणारी बाई पुसली गेली.

नागरत्नम्मांनी मूळ हस्तलिखित मिळवलं. छापील प्रत त्याच्याशी ताडून पाहिली. काय काय गेलं आहे ते त्यांच्या लक्षात आलं. हे रसाळ काव्य एका बाईनं लिहिलंय, तीही आपल्याच समाजातल्या बाईनं, तेव्हा ते मूळ होतं तसं लोकांसमोर यायला हवं, अशी त्यांची भूमिका होती. १९१० साली मद्रासच्या प्रसिद्ध वाविळ्ला प्रकाशनानं ही पूर्ण आवृत्ती छापली.

एक गायिका, देवदासी समाजातली, जुन्या ग्रंथाचं संपादन करते. पाठभेद तपासते आणि त्यावर प्रस्तावना लिहिते. पंडितांच्या जगात ही गोष्ट पचणारी नव्हती.

समाजसुधारकाचा आक्षेप

मुद्दुपळनीवर सर्वात कडक टीका केली होती ती कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी.

वीरेशलिंगम हे काही सनातनी नव्हते. उलट आंध्रातले सर्वात मोठे समाजसुधारक. १८८१ साली त्यांनी राजमहेंद्रीला विधवाविवाह लावून दिला, मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. आधुनिक तेलुगू गद्याचे ते जनक मानले जातात. तेलुगू कवींची चरित्रं सांगणारा त्यांचा ग्रंथ आजही महत्त्वाचा आहे.

त्याच ग्रंथात त्यांनी मुद्दुपळनीबद्दल लिहिलं. तिची भाषा गोड आहे, तिला संस्कृत आणि तेलुगू साहित्याची उत्तम जाण आहे, हे मान्य केलं. पण तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं. काव्यातले बरेच भाग बाईनं ऐकूही नयेत असे आहेत, मग बाईच्या तोंडून येणं तर दूरच, असा त्यांचा सूर होता.

यामागे तेव्हाचं वारं होतं. इंग्रजी शिक्षणाबरोबर व्हिक्टोरियन सभ्यतेच्या कल्पना आल्या होत्या. सुधारकांना नवी स्त्री घडवायची होती. ती शिकलेली असावी, पण घरंदाज असावी. या चित्रात शिकलेली, कमावती, प्रेमाबद्दल मोकळेपणानं लिहिणारी गणिका कुठे बसवायची? तिला बाजूला सारणं सोपं होतं.

नागरत्नम्मांचा प्रतिवाद

नागरत्नम्मांनी वीरेशलिंगम यांना थेट उत्तर दिलं. भावनेच्या भरात नाही, मुद्दे मांडून.

पहिला मुद्दा: लाज आणि सभ्यता फक्त बायकांनाच लागू होते का? पुरुषांना नाही?

दुसरा मुद्दा: गणिकेनं असं लिहिणं वाईट आणि प्रतिष्ठित पुरुषांनी लिहिणं चांगलं, असं म्हणायचं आहे का?

तिसरा मुद्दा सर्वात झोंबणारा होता. ‘वैजयंतीविलासम्’ नावाचं एक जुनं शृंगारिक काव्य आहे. ते पुरुषानं लिहिलेलं. ते स्वतः वीरेशलिंगम यांनी नजरेखालून घालून छपाईसाठी मान्य केलं होतं. नागरत्नम्मांनी विचारलं की त्यापेक्षा ‘राधिका सांत्वनम्’मध्ये जास्त अश्लील असं काय आहे?

या प्रश्नाला उत्तर देणं अवघड होतं. कारण दोन्ही काव्यं शृंगाराचीच होती आणि दोन्ही एकाच परंपरेतली. ठळक दिसणारा फरक लेखणी कुणाच्या हातात होती, हा होता.

बंदी

वाद वर्तमानपत्रांत आणि मासिकांत गेला. नागरत्नम्मा स्वतः देवदासी आहेत, त्यांना यात लाज कशी वाटणार, अशा अर्थाचं लिहिलं गेलं. म्हणजे मुद्दुपळनीला जे सुनावलं गेलं होतं, तेच आता तिची बाजू घेणाऱ्या बाईलाही सुनावलं जात होतं.

प्रकरण सरकारपर्यंत पोहोचलं. १९११ साली पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या आणि त्यावर बंदी आली. तेलुगू पंडितांनी आणि प्रकाशकांनी विरोध केला. असा नियम लावायचा तर आपल्या कितीतरी अभिजात ग्रंथांवर बंदी घालावी लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारनं ऐकलं नाही.

नागरत्नम्मा तेव्हा तिशीत होत्या. गाणं चालू होतं, नाव मोठं होत होतं. पण ज्या पुस्तकावर त्यांनी एवढी मेहनत घेतली, ते उघडपणे विकता येत नव्हतं.

तिरुवय्यारूची समाधी

कर्नाटक संगीतातले सर्वात मोठे वाग्गेयकार म्हणजे त्यागराज. तंजावरपासून जवळच कावेरीकाठी तिरुवय्यारू हे गाव आहे. त्यागराज तिथे राहिले आणि १८४७ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचं आयुष्यही तंजावरच्या मराठा राज्यातच गेलं आणि त्यांच्या रचनाही प्रामुख्यानं तेलुगूत आहेत.

१९२० च्या सुमारास त्यांची समाधी पार दुर्लक्षित अवस्थेत होती. नागरत्नम्मांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. नागरत्नम्मा तिथे गेल्या आणि काम हाती घेतलं. जागा मिळवली, स्वतःची कमाई ओतली. १९२१ मध्ये पायाभरणी झाली आणि १९२५ मध्ये मंदिराची प्रतिष्ठापना.

मंदिर बांधलं एका बाईनं. पण त्यागराजांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या आराधनेत बायकांना गायला परवानगी नव्हती. आराधना करणारे पुरुष संगीतकारांचे दोन गट होते. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण बायकांना गाऊ द्यायचं नाही यावर मात्र एकमत होतं.

नागरत्नम्मांनी यावर सरळ उपाय काढला. त्यांनी बायकांचा तिसरा गट उभा केला. १९२७ च्या आसपास देवदासी समाजातल्या गायिका तिरुवय्यारूला जमू लागल्या आणि समाधीच्या मागच्या बाजूला स्वतंत्रपणे गाऊ लागल्या. बांधलेलं देऊळ त्यांचंच होतं. त्यांना तिथून घालवणार कोण?

अखेर १९४० मध्ये तिन्ही गट एकत्र आले आणि पुढच्या वर्षापासून बायकाही आराधनेत सामील झाल्या. आज दरवर्षी तिथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती गातात. त्यात बायकांचे आवाज असतात, ते या भांडणामुळे.

आपल्याच समाजाची बाजू

याच काळात देवदासी प्रथेविरुद्धची चळवळ जोरात होती. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रास विधान परिषदेत हा प्रश्न लावून धरत होत्या. त्यांच्या आईसुद्धा देवदासी कुटुंबातल्या. लहान मुलींना देवाला वाहण्याची पद्धत बंद व्हावी, ही त्यांची मागणी होती आणि त्यामागे मुलींच्या शोषणाचं खरं दुःख होतं.

नागरत्नम्मा आणि मद्रासमधल्या देवदासींच्या संघटनेनं सरकारकडे निवेदन देऊन विरोध केला. सगळ्या देवदासींना एकाच मापानं वेश्या ठरवू नका, आमच्याकडे कला आहे, विद्या आहे, मालमत्तेचे हक्क आहेत, बंदीऐवजी शिक्षण द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

कायदा शेवटी १९४७ मध्ये झाला. इतिहास मुथुलक्ष्मी रेड्डींच्या बाजूनं गेला आणि लहान मुलींच्या दृष्टीनं ते गरजेचंच होतं. पण नागरत्नम्मांची भीतीही खोटी नव्हती. पुढच्या काळात संगीत-नृत्याची मंचं प्रतिष्ठित घरांतल्या मुलींसाठी खुली झाली आणि ज्यांच्या घरात ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगली होती, त्या बायका हळूहळू मागे पडल्या.

बंदी उठली, पण…

मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री टंगुटूरी प्रकाशम यांच्या पुढाकारानं १९४६-४७ च्या सुमारास ‘राधिका सांत्वनम्’वरची बंदी उठली. १९५२ मध्ये वाविळ्ला प्रकाशनानं पुस्तक पुन्हा छापलं. त्याच वर्षी मे महिन्यात नागरत्नम्मांचं निधन झालं. पोटचं मूल नव्हतं. आपली मालमत्ता त्यांनी त्यागराजांच्या समाधीच्या व्यवस्थेसाठी ठेवली.

बंदी उठली म्हणून मत बदललं असं झालं नाही. त्यानंतरही कितीतरी वर्षं तेलुगू साहित्याच्या इतिहासात मुद्दुपळनीचा उल्लेख नाक मुरडूनच होत राहिला आणि पुस्तक मिळणंही कठीण होतं. १९९१ मध्ये सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह काढला, तेव्हा त्यांनी मुद्दुपळनी आणि नागरत्नम्मांची ही गोष्ट ठळकपणे मांडली आणि ती देशभर पोहोचली. २०११ मध्ये काव्याचं इंग्रजी भाषांतरही पुस्तकरूपात आलं.

तंजावरच्या मराठा राज्यात होऊन गेलेल्या दोन तेलुगू कवींसाठी नागरत्नम्मांनी आयुष्याचा मोठा भाग दिला. एक संत, एक गणिका. संताची समाधी बांधली म्हणून त्यांना मान मिळाला. तिरुवय्यारूला त्यागराजांच्या समाधीसमोर आज त्यांचा पुतळा आहे. कवयित्रीचं काव्य छापलं म्हणून जप्ती आणि बदनामी वाट्याला आली. नागरत्नम्मांनी स्वतः मात्र या दोन कामांत कधी डावं-उजवं केलं नाही. त्यांच्या लेखी दोन्ही कामं एकाच परंपरेची होती आणि त्या परंपरेवर बायकांचाही तेवढाच हक्क होता.